लक्ष्मी आडवी होत नाही

मद्रास, ३ जानेवारी १९५९

अण्णाने घोडी आणली. खरंच आणली. दसऱ्यापासून नुसतं बोलणं चाललं होतं, मला वाटलं बोलण्यावरच भागेल. गोपूच्या लग्नाची मिरवणूक मोटारीतून काढायला आपण काय अय्यर आहोत, आपले पूर्वज घोड्यावर बसून तंजावरला आले, वगैरे वगैरे. पूर्वज आले असतील. त्यांचा हा वंशज, अण्णाचा मुलगा, बँकेत कारकून आहे आणि सायकलवरून पडतो.

घोडी शर्यतीतून काढून टाकलेली. गिंडीच्या रेसकोर्सवरच्या कुणा दलालाने अण्णाच्या गळ्यात मारली. तपकिरी, कपाळावर पांढरा टिळा, डोळे सुरेख. अण्णाने काय पाहून घेतली? गळ्यावरचा केसांचा भोवरा! "देवमण आहे की! देवमणीची घोडी दारात आली म्हण्जे घर भरलं म्हण." भोवरा पाहिला. तोंड उघडून पाहिलं नाही, पाय उचलून पाहिला नाही.

मी पाहिलं. दलाल म्हणतो सात वर्षांची. वरच्या कोपऱ्यातल्या दाताची खाच निम्म्यावर उतरली आहे, म्हणजे पंधराला टेकली. पुढच्या डाव्या पायाची नस जाड, हाताला गरम लागते. अण्णाला सांगितलं तर म्हणे, "अप्पांची विद्या अप्पांबरोबर गेली. तू शाळेत बेडूक काप."

अप्पा जमीनदाराच्या पागेवर सलोत्री होते. जन्मभर घोड्यांची दुखणी काढली त्यांनी, आणि त्यांच्या पोटी हा भोवरे बघणारा. मी त्यांच्या मागेमागे फिरून शिकले, पण मी पडले बेडूकवाली मास्तरीण.

नाव ठेवलं लक्ष्मी. वहिनीने ओवाळलं. मी मागच्या पडवीतून पाहिलं. ओवाळण्याच्या वेळी मी समोर नसते. ह्यांना जाऊन इतकी वर्षं झाली, आता ते कुणाला सांगावंही लागत नाही.

४ जानेवारी

घोडीला मोटारीच्या शेडमध्ये बांधलंय. मोटार या घरात कधी नव्हती, शेड मात्र आहे. खाली सिमेंट, वर पत्रा, खिडकी नाही. मूत वाहून जायला उतार नाही. सकाळी दार उघडलं तर डोळ्यांतून पाणी. रडू नव्हे, वास. अशा कोंडवाड्यात दोन आठवडे राहिली तर हिचे खूर सडतील आणि छाती भरेल.

दोर इतका आखूड की मान गुडघ्यापर्यंत जात नाही. अण्णाला म्हटलं, ही आडवी कशी होणार? "घोडे उभ्यानेच झोपतात. शाळेत शिकवता ना तुम्ही?" अर्धवट माहितीचा मला भारी तिटकारा. डुलकी उभ्याने काढतात. गाढ झोप आडवं झाल्याशिवाय येत नाही. आणि आडवं व्हायला दोर लांब लागतो, खाली पेंढा लागतो आणि मुख्य म्हणजे जागेची भीती वाटता कामा नये.

दोर सैल केला. पेंढा पसरायला सांगितला. मोतद्दार म्हणून मुनुस्वामी नावाचा एकजण ठेवलाय, तो म्हणाला, "सरि अम्मा," म्हणजे बरं बाई. संध्याकाळी पाहिलं, दोर पुन्हा आखूड. मालकांनी सांगितलं म्हणे.

६ जानेवारी

साऱ्या गल्लीला घोडी बघायची आहे. शेजारचे अय्यर पोस्टातून निवृत्त झालेत, त्यांना दुसरा उद्योग नाही. कुंपणावरून रोज एक प्रश्न. आज: हिचा मागचा गुडघा उलटा का वाकतो? म्हटलं, मामा, तो गुडघा नव्हे, ती टाच. गुडघा वर, पोटाजवळ. घोडा चवड्यावरच काय, एकेका बोटाच्या नखावर उभा असतो. त्यांनी स्वतःची टाच उचलून पाहिली, मग माझ्याकडे संशयाने पाहिलं. पटलं नाही. पोस्टात असतं असं काही तर त्यांना कळलं असतं.

त्यांची सून मागून येऊन घोडीच्या शेपटीचे केस उपटून गेली. बाळाच्या मनगटाला बांधायला, दृष्ट लागू नये म्हणून. कालपासून ही तिसरी बाई. शेपटीनेच ती माशा हाकलणार, आणि शेडमध्ये माशा तर घोंघावताहेत. किळस येते, आणि माशांची नव्हे.

८ जानेवारी

वहिनी तिला रात्रीचा ताकभात घालते. वर उरलेले डोसे. "गाय खाते की वन्सं. गाईला चालतं ते हिला का नक्को?"

गाईच्या पोटाला चार कप्पे. खाते, साठवते, निवांत बसून रवंथ करते. घोड्याचं पोट एवढ्या मोठ्या देहात लहानसं, एकच. आणि त्याच्या तोंडाशी असा घट्ट आवळ असतो की आत गेलेलं वर येतच नाही. माणूस ओकतो, कुत्रं ओकतं, घोडा ओकू शकत नाही. चुकीचं गेलं, फुगलं, तर ते पुढे सरकलं पाहिजे, नाहीतर पोट फाटून घोडा मेला. स्वयंपाकघरात उभं राहून हे सगळं सांगितलं. वहिनी डाळ निवडत होती. म्हणाली, "होय हो? बिचारी." आणि संध्याकाळी पुन्हा ताकभात.

मुनुस्वामीला (यापुढे मु.) बजावलं: गवत भरपूर, कुळीथ भिजवून, थोडे थोडे. पाणी आधी, दाणा मागून. पोटभर दाण्यावर बादलीभर पाणी नको. "सरि अम्मा."

मला या दोन शब्दांचा आता राग येतो.

११ जानेवारी

रविवार. गोपूची तालीम, समुद्रावर. अण्णा छत्री घेऊन, मी चपला हातात घेऊन. मला नेलं कारण वहिनीला वाळू सोसत नाही आणि कुणीतरी पाण्याचा तांब्या धरायला हवा होता.

गोपूने लगाम बसच्या दांड्यासारखा धरला. तोल गेला की तिच्या तोंडाला लोंबकळतो. तोंडात लोखंड आहे बाळा, जिभेवर आणि नुसत्या हिरड्यांवर. दात नसतात तिथे, म्हणून तर लोखंड बसतं. रिकिबीत पाऊल टाचेपर्यंत खुपसलेलं. पडला तर फरफटत जाईल. सांगितलं, चवडा ठेव, टाच खाली, गुडघ्याने नव्हे मांडीने धर, हात हलके. पोराने ऐकलं. मान डोलावली, पाऊल मागे घेतलं. तेवढ्यात अण्णा ओरडला, "छाती काढ! छाती! मावळ्यासारखा बस!" छाती काढली आणि पडला. वाळूत पडला, लागलं नाही.

घोडी पळाली नाही. जागेवर उभी राहिली आणि मान वळवून त्याच्याकडे पाहत होती. फार सोसलेलं जनावर आहे.

घरी येऊन खोगीर काढलं तर मानेच्या मुळाशी कातडी सोलवटलेली. उसनं खोगीर, दुसऱ्याच घोड्याच्या मापाचं. हळद-तेल लावलं. अण्णा म्हणाला, मिरवणुकीला वर जरीची झूल येईल, दिसणार नाही.

दिसणार नाही!

१५ जानेवारी

माट्टुपोंगल. गाईगुरांचा सण. गल्लीतल्या गाईंची शिंगं रंगवली, गळ्यात हार, आणि त्यांना गूळ-तुपाचा पोंगल भरवला. गाईंना. पण आमच्या दारातलं जनावर उपाशी कसं ठेवायचं? पाच घरांतून पोंगलच्या वाट्या आल्या. लक्ष्मीने सगळ्या चाटून पुसून खाल्ल्या. तिला काय कळतंय, गोड लागलं.

दुपारी शाळेला सुटी म्हणून घरीच होते. शेडमधून खूर आपटल्याचा आवाज. बघते तर मान वळवून कुशीकडे पाहतेय, वरचा ओठ मुरडतेय, अंगाला घाम. पोटशूळ. कुशीला कान लावला. आत गुडगुडायला हवं, जवळजवळ काही ऐकू येत नव्हतं. समोरचा चारा काढून टाकला, दोर सोडला आणि तिला अंगणात फिरवायला लागले. विहिरीला वळसा, तुळशीला वळसा. लोळू द्यायचं नाही, आतडं पिळवटतं. दिवे लागेपर्यंत फिरवलं. शेवटी वारा सरला, मग थोडी लीद पडली. तिने लांब श्वास सोडला आणि माझ्या खांद्यावर हनुवटी टेकली. जड असते घोड्याची हनुवटी. अप्पांच्या वेळेपासून विसरले होते.

अंगणाच्या कठड्याशी वहिनी उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

१६ जानेवारी

सकाळी कॉफीबरोबर आलंच. वहिनी बोलते तेव्हा नजर भांड्यावर असते. "वन्सं, तुम्ही रागावू नक्का. मला तसलं काही नाही. पण ती नवरदेवाची घोडी. शुभकार्याची. कार्य होईतो तुम्ही तिला हात लावू नये असं ह्यांचं म्हणणं. लोक काय म्हण्तील?"

हात लावू नये. म्हणजे भात भरवणाऱ्या हातांना मुभा, शेपूट उपटणाऱ्या हातांना मुभा. ज्या हातांनी काल तिला उभं ठेवलं ते अशुभ.

मी "बरं" म्हटलं. काय करणार होते? हे घर अण्णाचं आहे. शाळेत जाऊन सहावीच्या मुलींना घोड्याचं पोट काढून दाखवलं. अभ्यासक्रमात नाही. एका मुलीने विचारलं, "टीचर, मग घोड्याला मळमळतं तेव्हा तो काय करतो?" म्हटलं, घाम येतो त्याला. दुसरं काही करता येत नाही.

स्वतःचीच किळस आली. ते "बरं" म्हटल्याची.

२५ जानेवारी

कुंभकोणमची मंडळी आली होती, नवरीमुलगीही. सुमती नाव. बारीक, फार बोलत नाही, पण नजर सगळीकडे. घोडी बघायला सगळे शेडकडे गेले. मी दाराबाहेर, ठरल्याप्रमाणे.

मुलीच्या बापाने विचारलं, लाथ मारते का? अण्णा म्हणाला, छे, गाय आहे नुसती. त्यावर सुमती हळूच म्हणाली, "मग दोर एवढा आखूड कां?" मला वाटलं बापच तिला दटावतो की काय, पण त्याने ऐकलंच नव्हतं.

मंडळी गेल्यावर मु. ने सांगितलं की कार्य झालं की घोडी जटक्याला, भाड्याच्या टांग्याला, जाणार. स्टँडवरच्या जटकावाल्याशी अण्णाचं बोलणं पक्कं झालंय. डांबरी रस्ता, चार सवाऱ्या, वर सामान, आणि ती नस. पावसाळ्यापर्यंत टिकेल. मग पाय मोडला की काय करतात ते अप्पांबरोबर एकदा पाहिलंय. लिहीत नाही.

जेवणात अण्णाला विचारलं. म्हणाला, "मग काय जन्मभर पोसायची? मिरवणुकीपुरती आणली." आणि रसम वाढून घेतलं. घराची लक्ष्मी, ओवाळलेली!

५ फेब्रुवारी

घोडीचं पान. हे मी विसरलेच होते, गोपू या घराचा पहिलाच मुलगा लग्नाचा. आमच्यात मिरवणुकीआधी नवरदेवाच्या घोड्यापुढे केळीचं पान मांडतात. कुणी एक पूर्वज म्हणे घोडा जेवल्याशिवाय जेवत नसे. पानावर लग्नघरचं सगळं पक्वान्न, आणि जमलेल्या प्रत्येक नातलगाने एकेक घास भरवायचा. ज्याचा घास घोडा घेईल त्याचं चांगलं होतं. पूर्वी नावाला पाच माणसं असत, आणि अप्पा पानाजवळ उभे राहून घास आपल्या मुठीत घेत. नातेवाईकांना वाटे घोड्याने खाल्ला. आता सबंध मद्रास आणि अर्धं तंजावर येणार.

अण्णाकडे गेले. सरळ सांगितलं, ही मरेल. पोंगलच्या वेळी काय झालं ते तुझ्या बायकोने पाहिलंय. पान ओठाला लावा आणि गाईला घाला.

त्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं. "ठीक आहे. नुसतं लावू. झालं समाधान?"

"वचन देतोस?"

"दिलं की!"

८ फेब्रुवारी, सकाळ

काल लिहिणं शक्य नव्हतं.

चारलाच मला मागच्या खोलीत बसवलं, नारळ सोलायला. नवरदेव निघेपर्यंत बाहेर येऊ नका. नादस्वरम सुरू झालं, मग वाजता वाजता थांबलं. मागच्या दाराशी मु., धोतराचा सोगा हातात, डोळे विस्फारलेले. "अम्मा, कुदिरै..." घोडी. एवढंच.

पान नुसतं लावायचं होतं. पण अण्णाने एक घास घातला. मग व्याही मागे कसे राहतील, त्यांनी घातला. मग काका, मामा, बँकेचे साहेब. "एकच घास" प्रत्येकाचा. गोड पोंगल, तूपभात, बुंदीचे लाडू. खाईना तेव्हा ओठ वर करून कोंबले म्हणे, कारण घास घेतला नाही तर घालणाऱ्याचं वाईट. स्वतःचं चांगलं व्हावं म्हणून दुसऱ्याच्या घशात लाडू कोंबणारी ही माणसं माझी आहेत, सख्खी आहेत.

हात नारळाने चिकट होते. तशीच गेले.

जरीची झूल, कपाळावर मोत्यांची जाळी, आणि त्याखाली घामाने काळी पडलेली घोडी. पुढचे गुडघे दुमडत होते. भोवती गर्दी, कुणी म्हणे मिरगी, कुणी म्हणे दृष्ट. मी गर्दीतून आत शिरले. बायका बाजूला झाल्या, साडी सावरून, शिवू नये म्हणून. बरं झालं, वाट मिळाली.

झूल ओढून खाली टाकली. खोगिराचे पट्टे सोडले. लगाम काढून नुसती मोरखी ठेवली आणि चालायला लावलं. अण्णा समोर आला. "काय करतेस? मुहूर्त आहे! बाजूला हो आधी. सगळ्यांसमोर..."

म्हटलं, "सगळ्यांसमोरच पान मांडलंस ना?"

आवाज चढला माझा. चढू दिला. भर रस्त्यात, वाजंत्र्यांसमोर, फेटेवाल्यांसमोर, बिनकुंकवाची बाई नवरदेवाची घोडी धरून चालतेय. आमच्या साऱ्या मैलापूरला हे वर्षभर पुरेल.

गोपू मात्र पुढे आला. मुंडावळ्या बांधलेल्या, चेहरा पांढरा. मला म्हणाला, "आत्या, मी नाही बसणार हिच्यावर. अय्यरमामांची मोटार आहे." आणि जाऊन मोटारीत बसला. पोरात इतकं पाणी असेल असं वाटलं नव्हतं. की घोड्यावर बसायचं टळलं म्हणून सुटला? काही का असेना.

मु. ला जनावरांच्या डॉक्टरांकडे पिटाळलं होतं, ते दिवेलागणीला आले. नाकातून नळी घालून तेल सोडलं. म्हणाले, रात्र काढली तर बघू. खायला काही नाही, फिरवत राहा. मग मी आणि मु. आळीपाळीने. तो या खेपेला सांगितलं तसं करत होता.

आता सकाळचे विधी चालू असतील मंडपात. मला बोलावणं नाही. असतं तरी गेले नसते. लीद अजून नाही. कुशीत आवाज नाही.

८ फेब्रुवारी, दुपार

मंडपातून मंगलाष्टकांचा आवाज इथवर येत होता, आणि त्यातच लक्ष्मीने शेपटी उचलली. पडली! मऊ, तेलकट, बुंदीच्या पिवळ्या दाण्यांसकट भला मोठा ढीग. आयुष्यात कसला वास आवडला असेल तर हा. मु. हसायला लागला, मीही. नाकाला पदर लावायचं सुचलंच नाही.

११ फेब्रुवारी

निष्कर्ष निघाला आहे. वहिनीच्या मावशीने काढला, भटजींनी मान्य केला, अण्णाने उचलून धरला: पोंगलच्या दिवशी मी घोडीला हात लावला, म्हणून मिरवणुकीत विघ्न आलं. त्यासाठी शांती करायची आहे. लाडवांचं कुणी नाव काढत नाही. प्रत्येकाने एकच घास घातला होता ना.

वहिनी खोलीत येऊन म्हणाली, "मी तसलं मानत नाही वन्सं, तुम्हाला ठाऊक आहे." मग तिथे का नाही म्हणालीस, असं विचारलं. ती पदराचं टोक पिळत बसली. मला तिचा राग येत नाही आता. शिसारी येते, ती साऱ्या घराची. त्यात ती एक.

अण्णा माझ्याशी बोलत नाही. जटकावाला सोमवारी सकाळी येणार आहे.

१३ फेब्रुवारी

हेडमिस्ट्रेसबाईंना विचारलं, शाळेच्या मागच्या आवारात घोडी बांधू का. हसल्या. त्यांना थट्टा वाटली. मग माझं तोंड पाहून म्हणाल्या, कमिटीला विचारावं लागेल. म्हणजे नाही.

शेडचा कारभार आता माझ्याकडेच, कार्य उरकलं तेव्हा बंदी आपोआप उठली. अशुभ हात लीद काढायला चालतात. दोर लांब केला आहे. पेंढा गुडघाभर. मागच्या भिंतीतल्या दोन विटा मु. ने काढल्या, वारा येतो. तरी ती आडवी होत नाही. कोपऱ्यात उभ्याने डुलक्या काढते, कुणी आलं की दचकून मान वर. खोगिराची जखम अजून ओली आहे.

१४ फेब्रुवारी

संध्याकाळी सुमती शेडमध्ये आली. नवी साडी, हिरवा चुडा, आणि आली ती थेट पेंढ्यात. म्हटलं, साडी खराब होईल. "होऊ दे की, आत्याबाई."

प्रश्न विचारत बसली. अय्यरांसारखे नव्हेत. कान मागे पाडले तर काय? कुठे हात लावलेला तिला आवडतो? समोरून यावं की बाजूने? (बाजूने. अगदी नाकासमोर आणि अगदी पाठीमागे तिला दिसत नाही.) मग म्हणाली, "खरंच ओकता येत नाही तिला? कितीही कोंबलं तरी?"

नाही म्हटलं. ती बराच वेळ घोडीच्या गळ्यावरच्या भोवऱ्यावर बोट फिरवत राहिली. ती पुढे काय बोलणार ते मला दिसत होतं. म्हटलं, "त्यातून काही बोध काढू नकोस. पोट आहे ते, बाकी काही नाही."

हसली. चांगली हसते.

सोमवारी जटकावाला येणार हे तिला ठाऊक नव्हतं. सांगितलं.

१५ फेब्रुवारी

आज जेवणाच्या वेळी, सगळे बसलेले असताना, सुमतीने वाढता वाढता अण्णाला विचारलं. डोक्यावर पदर, आवाज साखरेसारखा. "मामंजी, आमच्या तिकडे म्हण्तात, नवी सून आली त्या महिन्यात घरातली लक्ष्मी बाहेर काढू नये. इथे तसं नाही वाट्टं?"

अण्णाचा घास हातातच. मावशींनी मान डोलावली: "ते खरं की." भटजींना विचारून घ्यावं, असं कुणीतरी म्हणालं. गोपू पानात बघून हसत होता.

मी दात दाखवले, नस दाखवली, पोटाची सगळी रचना तोंडपाठ सांगितली. काही उपयोग झाला नाही. आणि या पोरीने एक थाप मारली नि सगळ्या पंगतीला पटलं. (थापच. मागाहून मी विचारलं. "आमच्या तिकडे असं काही नाही हो," म्हणाली.) आनंद व्हायला हवा. झालाही. पण अशा घरात अशानेच निभावतं, याची किळस जात नाही. एवढीशी मुलगी, आठवड्यात शिकली.

अण्णा शेवटी म्हणाला, "बघू." अण्णाचं "बघू" म्हणजे काय, ते मला या वयातही कळत नाही. जटकावाल्याला निरोप गेलेला नाही.

१६ फेब्रुवारी

शेडच्या उंबऱ्यावर बसून लिहितेय. शाळेला निघाले ती इथेच थांबले, पिशवीत वही होती.

उजाडता उजाडता अण्णाने हाक मारली. मला. नावाने. कार्यापासून पहिल्यांदा. "लौकर ये! लक्ष्मी पडलीय! गेली की काय बघ!"

विहिरीवर होते, ओल्या पायांनी धावले. तो शेडच्या दारात उभा, धोतर नीट नेसलेलं नाही, चेहरा उतरलेला. आत घोडी कुशीवर, चारही पाय लांब पसरून, मान पेंढ्यात. मी वाकून पाहिलं. पोट वर-खाली होत होतं. ओठ सैल सुटला होता. आणि घोरत होती.

"झोपलीय," म्हटलं.

"अशी?"

"अशीच झोपतात."

"पण घोडे उभ्याने..." तेही कुजबुजत, जागी होईल म्हणून. स्वप्न पडत असावं तिला, पुढचा पाय पेंढ्यात हलत होता. डावाच. अण्णा तिथेच उकिडवा बसला आणि बघत राहिला. लहानपणी अप्पांच्या पागेत आम्ही दोघं असे बसायचो, ते त्याला आठवलं की नाही, मी विचारलं नाही.

जटकावाला आलाय. फाटकाशी उभा आहे, हातात दोर. दोनदा खोकला. अण्णाने ऐकलं, पण उठलेला नाही. शाळेची घंटा होऊन गेली असेल.

ती अजून झोपलेली आहे.